ठाव, थांग आणि परस : नीरेच्या खोऱ्यातील बुडीचा इतिहास

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर कापूरहोळ येथे दोन फाटे फुटतात. एक पूर्वेस नारायणपूर-सासवडकडे जातो, दुसरा नैर्ऋत्येस भोरकडे वळतो. इतिहासाच्या अभ्यासकाला हे गाव परिचित आहे ते धाराऊ गाडे यांच्यामुळे. संभाजीराजांच्या या दूधआई कापूरहोळच्या. परंतु प्रस्तुत लेखात त्या इतिहासात शिरावयाचे नाही. कापूरहोळच्या आसपासचा सारा मुलूख शिवगंगा, गुंजवणी, वेळवंडी आणि नीरा या चार नद्यांच्या पाण्यावर वाढलेला आहे. त्या पाण्यात माणूस उतरतो कसा, बुडी मारतो कशी, आणि त्यात प्राण का गमावतो, हा येथे विचाराचा विषय आहे. भाषेच्या अभ्यासकाने या विषयाला हात का घालावा, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळावे अशी अपेक्षा आहे.

विषयाचे निकडीचे अंग प्रथमच सांगतो. १९ मे २०२२ रोजी भाटघरच्या जलाशयात, नऱ्हे या गावाजवळ, एकाच कुटुंबातील पाच स्त्रिया बुडून मृत्यू पावल्या. जे पाणी पाहण्यास कापूरहोळच्या फाट्यावरून रोज शेकडो लोक वळतात, तेच हे पाणी. अशी दुर्घटना घडली की वृत्तपत्रे ‘पाण्याचा अंदाज न आल्याने’ असे एक ठरीव वाक्य छापतात. या वाक्याकडे आपण थोडे थांबून पाहिले पाहिजे. पाण्याचा अंदाज येण्याची जी रीत या खोऱ्यातील लोकांपाशी पिढ्यान्‌पिढ्या होती, ती कोणत्या पाण्यासाठी घडली होती, आणि आज ती कोणत्या पाण्याला लावली जात आहे? माझ्या मते सारा प्रश्न या दोन पाण्यांतील अंतराचा आहे, आणि त्या अंतराची पहिली खूण शब्दांत सापडते.

मराठीतील ‘बुडणे’ हे क्रियापद प्राकृत ‘बुड्ड’ या धातूवरून आले. हिंदीत याच धातूची अक्षरे उलटून ‘डूबना’ झाले; वर्णविपर्ययाचे उदाहरण म्हणून हा शब्द वर्गात नेहमी सांगितला जातो. मराठीने मूळ क्रम राखला, आणि त्याच धातूपासून दोन अगदी विरुद्ध अर्थांची नामे घडविली. ‘बुडणे’ म्हणजे प्राणाला मुकणे. ‘बुडी’ म्हणजे स्वेच्छेने पाण्याखाली जाऊन परत वर येणे. या दोहोंतील भेद केवळ परत येण्याचा आहे. फारसीमार्गे आलेला ‘गोता’ हा शब्दही याच अर्थी आला, पण ‘गोता खाणे’ या प्रयोगात तो फसगतीकडे झुकला. पाण्याखाली जाऊन काम करणारा तो ‘पाणबुड्या’. पुढे युद्धनौकेसाठी शब्द हवा झाला तेव्हा ‘पाणबुडी’ हे नाव आयतेच हाताशी होते.

पाण्यात शिरण्याच्या रीतींनाही वेगवेगळी नावे आहेत. डोके खाली व हात पुढे करून घेतलेली झेप म्हणजे ‘सूर’. गुडघे पोटाशी आवळून, अंगाचा गोळा करून घेतलेली उडी म्हणजे ‘मुटका’. शहरातील वाचकाला हे पोरखेळाचे शब्द वाटतील. वस्तुतः त्यांत एक नियम दडलेला आहे. ज्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात किती उतरले आहे हे ठाऊक नाही, तिच्यात पहिल्या दिवशी सूर मारीत नाहीत. कोणीतरी पायऱ्यांनी उतरतो, बुडी मारून तळाची मूठभर माती वर आणून दाखवितो, आणि मगच काठावरची मुले झेपा घेतात. मुठीतील माती हा तळ किती खोल आणि कसा आहे याचा पुरावा. उथळ पाण्यात सूर मारून मानेचे मणके मोडणे हा अपघात वैद्यकाला चांगला परिचित आहे. मानेखालचे सारे शरीर त्यामुळे जन्मभर लुळे पडू शकते.

प्रस्तुत लेखक पोहावयास शिकला तो अशाच एका मोटेच्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून. भोपळा नसेल तर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका, आणि पुढे पुढे पत्र्याचा रिकामा डबा. कमरेला दोर, दोराचे टोक काठावरच्या वडीलधाऱ्याच्या हाती. भोपळा सुटला तरी दोर सुटत नसे. एकट्याने विहिरीत उतरावयाचे नाही, हा दंडक कोणी मोडला तर घरी मार बसे. या व्यवस्थेत पाहावयाची गोष्ट ही की, तीत जवळजवळ काहीच लिहिलेले नव्हते आणि जवळजवळ सर्व काही ठरलेले होते. इंग्लंडमध्ये पोर्टस्मथजवळ बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ या जहाजाच्या अवशेषांवर १८३९ पासून कर्नल पॅस्ली याच्या देखरेखीखाली पाणबुड्यांनी काम केले. पाणबुड्यांनी जोडीने उतरावे व एकमेकांवर लक्ष ठेवावे ही पद्धत त्या कामातून रूढ झाली असे सांगतात. शिरस्त्राण घालून उतरणाऱ्यांना जी शिस्त कामाच्या अनुभवाने लागली, ती आमच्याकडे विहिरीच्या काठावर आजोबांच्या छडीने लागत असे.

आता खोलीच्या मापाकडे वळू. देशावर विहिरीची खोली ‘परस’ या मापाने सांगतात : विहीर सहा परस, पाणी दोन परस. हा शब्द ‘पुरुष’ या संस्कृत शब्दाचा वारस होय. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूगर्भातील पाण्याचा शोध घेण्याविषयी ‘दकार्गल’ नावाचा अध्याय आहे; त्यात पाणी किती खाली लागेल ते ‘पुरुष’ याच मापाने दिलेले आहे. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची म्हणजे एक पुरुष, सुमारे सात ते साडेसात फूट. मापाची ही कल्पना किती अर्थपूर्ण आहे ते पाहा. एक परस पाणी म्हणजे तळावर उभ्या असलेल्या माणसाची केवळ बोटांची टोके पृष्ठभागाशी पोचतील इतके पाणी. बुडणाऱ्या माणसाची अखेरची आकृती हीच. कोकणपट्टीवर समुद्राची खोली ‘वाव’ या मापाने सांगतात, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारे अंतर; ते दोर मोजण्याचे माप आहे. विहिरीचे माप मात्र उभ्या देहाचे आहे.

परंतु पोहणाऱ्याला खोलीचे आकडे क्वचितच लागतात. त्याला लागतो तो ‘ठाव’. पाय टेकले तर ठाव लागला. न टेकले तर पाणी ‘अथांग’. ‘थांग’ आणि ‘अथांग’ यांची सगोत्र रूपे हिंदीत ‘थाह’ व ‘अथाह’ अशी आहेत. मराठीने पाण्याचे हे शब्द ज्ञानाच्या क्षेत्रातही नेले : मनाचा ठाव घेणे, थांगपत्ता न लागणे. ज्या लोकांनी ‘कळणे’ या क्रियेसाठी तळाला पाय लागण्याची प्रतिमा योजिली, त्यांचा पाण्याशी संबंध वरवरचा नव्हता. तथापि याच शब्दांत एक मर्यादाही आहे. ठाव लागतो किंवा लागत नाही. मधली पायरी नाही. पाच परसांचे पाणी आणि पंधरा परसांचे पाणी ही दोन्ही सारखीच अथांग. काठावर पोहणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. बुडी मारणाऱ्याला मात्र पडतो, आणि फार पडतो.

तो कसा, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. पाण्यात सुमारे दहा मीटर, म्हणजे चार-साडेचार परस खाली गेले की शरीरावर वातावरणाच्या दाबाएवढा आणखी एक दाब पडतो. बॉइलने १६६२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार छातीतील हवेचे आकारमान तेथे निम्मे होते. जी हवा माणसाला वर तरंगत ठेवीत होती तीच आकसल्याने त्या सुमारास देह आपोआप खाली जाऊ लागतो, आणि वर येण्यास कष्ट करावे लागतात. गोडे पाणी समुद्राच्या पाण्याहून हलके असल्याने हे गोड्या पाण्यात अधिकच लवकर घडते. कानाची पीडा तर दोन-तीन मीटरांपासूनच सुरू होते. ‘दडे बसणे’ हा आपला शब्दप्रयोग विहिरीत बुड्या मारणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतो. नाक चिमटीत धरून आतून फुंकर घातली की कान मोकळा होतो, हेही त्याला कोणी न शिकविता ठाऊक असते. या युक्तीला वैद्यकात वालसाल्वा या इटालियन शारीरविदाचे नाव आहे. त्याचा कानावरील ग्रंथ १७०४ चा. सर्दी असताना ही युक्ती चालत नाही, आणि जोर केला तर पडदा फाटतो. म्हणून सर्दी झालेल्याने बुडी मारू नये, हा घरगुती नियम शास्त्रशुद्ध आहे.

घरगुती नियम जेथे चुकतो ती जागा ‘दम’ या शब्दात आहे. फारसीत ‘दम’ म्हणजे श्वास. मराठीत तो श्वासही झाला, धीरही झाला आणि धमकीही झाला. पाण्याखाली सर्वांत अधिक वेळ राहणारा तो सर्वांत दमदार, अशी स्पर्धा प्रत्येक विहिरीवर लागते, आणि तीत उतरण्यापूर्वी मुले भराभर खोल श्वास घेतात. अशा श्वासांनी छातीत प्राणवायूचा फारसा अधिक साठा होत नाही. रक्तातील कर्बवायू मात्र धुऊन निघतो. वर येण्याची तळमळ माणसाला होते ती प्राणवायू कमी झाल्याने नव्हे, तर कर्बवायू वाढल्याने. ती सूचना देणारा घटकच कमी झाल्यामुळे माणूस स्वस्थ वाटत असतानाच बेशुद्ध होतो, आणि पाण्याखाली बेशुद्ध होणे म्हणजे मरणे. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्रेग याने १९६१ मध्ये हा प्रकार स्पष्ट करून दाखविला. यात बळी जातो तो बहुधा उत्तम पोहणारा. पट्टीचे पोहणारेच बुडतात, असे आपण म्हणतो. त्यामागे गर्विष्ठ माणसाला टोमणा आहे असे मला पूर्वी वाटे. ते निरीक्षण असावे असे आता वाटते.

विहिरीनंतर डोह. नदी जेथे वळते किंवा खडकावरून खाली पडते तेथे तळ खरवडला जाऊन खळगा होतो; प्रवाह संथ दिसतो, पण खाली भोवरा आणि ओढ असते. नसरापूरजवळ बनेश्वराच्या देवालयामागे शिवगंगा खडकावरून उतरते, ती जागा पाहिली म्हणजे हे ध्यानी येईल. देशावर डोहाला नाव नाही असे गाव विरळा : आसरांचा डोह, म्हसोबाचा डोह, औदुंबराचा डोह, अशा धर्तीची ही नावे. साती आसरा म्हणजे मूळच्या अप्सरा. पाण्याकाठी शेंदूर लावलेले सात दगड हे त्यांचे ठाणे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या १९६२ मधील ग्रंथात या जलदेवतांची दखल घेतली आहे. या देवता माणसाला पाण्यात ओढतात, ही समजूत आजही ऐकावयास मिळते. तिला भोळसट म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहता सात दगडांचे ते ठाणे ही एक धोक्याची पाटी होती. निरक्षरालाही ती वाचता येत होती, आणि ती काढून टाकण्याचे धाडस कोणी करीत नसे. डोहाचे नाव उच्चारले की त्याबरोबर कोठे उतरावे, कोणत्या महिन्यात उतरू नये, तेथे पूर्वी कोण बुडाले, हे सारे कानावर पडे. नाव हेच माहितीचे गाठोडे होते. देवीचा कोप म्हणून खऱ्या कारणाकडे पाठ फिरविली जाई, हा दोषही त्यात होता, आणि तो लहान नव्हता.

आता धरणाकडे येऊ. दुष्काळी मुलुखाला पाणी मिळावे म्हणून वेळवंडी नदीवर भाटघर येथे पहिले धरण १८८० च्या दशकात बांधावयास घेण्यात आले. त्याच्या जलाशयाला एका अभियंत्याच्या नावावरून ‘लेक व्हाइटिंग’ म्हणत. नीरा कालव्यांची गरज वाढल्यावर त्याच्याच खालच्या अंगाला मोठे धरण बांधण्यात आले. मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचे नाव मिळालेले हे धरण १९२८ मध्ये पुरे झाले. उंची सुमारे ५८ मीटर, लांबी सुमारे १,६२५ मीटर, साठा साडेतेवीस अब्ज घनफुटांच्या घरात; दगडी बांधकामाच्या आकारमानाने ते त्या काळी जगातील अग्रगण्य धरणांत गणले गेले. जुने धरण नव्याच्या पोटात बुडाले. आज या जलाशयाला येसाजी कंक यांचे नाव आहे, आणि त्या मुलुखाच्या वीराचे नाव दिले गेले हे उचितच झाले.

परंतु येथेच भाषेचा प्रश्न उभा राहतो. साऱ्या जलाशयाला एक नाव मिळाले. त्याच्या काठाच्या वाडी-वाडीशी, उतारा-उताराशी जी पाण्याची नावे होती ती पाण्याखाली गेली. अठ्ठावन्न मीटर म्हणजे पंचवीस परस; इतके खोल पाणी या खोऱ्यात पूर्वी कोठेही नव्हते. शिवाय डोह जागचा हलत नाही, जलाशयाचा काठ मात्र सतत हलत असतो. पावसाळ्यात तो भरतो, कालव्यांना पाणी सुटते तसा उन्हाळाभर उतरत जातो. गेल्या महिन्यात जेथे नाव चालत होती तेथे आज गुडघाभर पाणी. आणि आज जेथे लोक कपडे धुतात तेथून चार पावलांवर जुन्या नदीचे पात्र एकदम खाली कोसळलेले. बुडालेल्या शेतांचे बांध तसेच राहिलेले असतात; त्यांवरून चालणाऱ्याला ठाव लागत जातो, लागत जातो, आणि पुढच्या पावलाला लागत नाही. तळाला वर्षानुवर्षांचा गाळ असतो. पाय रुतला की सोडविण्याच्या धडपडीत तो अधिकच रुततो. वरचे पाणी उन्हाने कोमट झालेले असते, पण दोन-तीन परसांखाली थंडगार; त्या थंडीचा अकस्मात स्पर्श झाला की माणूस नकळत धापेने श्वास आत ओढतो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर तो पहिलाच श्वास घातक ठरतो. विहिरीचे शिक्षण यांपैकी एकाही गोष्टीला पुरे पडत नाही. विहिरीला भिंत असते, दोर असतो, काठावर आजोबा असतात. जो काठ दर आठवड्याला वेगळा, त्याला नाव पडणार कसे, आणि नावावाचून आठवण टिकणार कोठे?

धरणाच्या दरवाजांजवळचा धोका आणखी निराळा आहे. दाराच्या एका अंगाला उंच पाणी व दुसऱ्या अंगाला मोकळी हवा असली की लहानशा फटीतूनही पाणी अशा जोराने खेचले जाते की, फटीपाशी गेलेला माणूस तिला चिकटून बसतो. दहा माणसांनी ओढूनही तो सुटत नाही. पाण्याखालील कामे करणाऱ्यांच्या मृत्यूचे हे एक कुप्रसिद्ध कारण आहे. दारे बंद करून, दोन्हीकडचे पाणी समपातळीत आल्याची खात्री झाल्यावाचून पाणबुड्याने तेथे उतरू नये, हा त्या व्यवसायातील नियम याच अनुभवातून आला.

दाबाखालील हवा श्वासून बुडी मारणाऱ्याची व्यथा तर आपल्या परंपरेला अगदी अपरिचित होती, कारण आपला पाणबुड्या एका दमात जाऊन एका दमात परत येत असे. पुलांचे पाये घालण्यासाठी दाबाच्या हवेने भरलेल्या पेट्यांत मजूर उतरू लागले, तेव्हा वर आल्यावर त्यांचे सांधे धरू लागले, कित्येक लुळे पडले, काही दगावले. सेंट लुइसच्या पुलावर १८७० मध्ये हे मोठ्या प्रमाणावर दिसून आले. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये त्याचे कारण दाखविले : दाबाखाली रक्तात विरघळलेला नत्रवायू दाब एकदम उतरला की बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. १९०८ मध्ये हाल्डेन व त्याच्या सहकाऱ्यांनी टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके दिली. नळकांड्यातील हवा घेऊन उतरण्याचे कुस्तो व गान्यां यांचे १९४३ मधील उपकरण आज तारकर्लीच्या समुद्रात हौशी पर्यटकही वापरतात. त्या उपकरणाबरोबर एक नियम अपरिहार्यपणे येतो : वर येताना श्वास कधीही कोंडू नये, कारण आकसलेली हवा आता फुगत असते आणि ती फुप्फुस फाडू शकते. ‘दम धर’ ही विहिरीवरची आज्ञा येथे नेमकी उलटी होते. आणखी एक गोष्ट : ही कोष्टके समुद्रसपाटीसाठी रचलेली आहेत. भाटघरचा जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. वरच्या हवेचा दाब तेथे कमी, म्हणून तेथे उतरणाऱ्याने अधिक सावध हिशेब धरावा लागतो. तीनशे मीटरांपलीकडे अशी दुरुस्ती करण्याचा प्रघात आहे.

बुडालेल्याला काढणाऱ्यांची परंपरा या खोऱ्यात भोई समाजाकडे आहे. भोरमधील आजच्या एका जल आपत्ती पथकाचे ‘भोईराज’ हे नाव ती सांगते. त्यांच्या साधनांत ‘गळ’ अजून आहे. विहिरीत पडलेली घागर ज्या आकड्याने काढीत तोच हा शब्द, आणि मासे धरण्याचाही तोच. २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल स्थापन झाले. त्याची एक तुकडी तळेगावजवळ सुदुंबरे येथे आहे. पण ती कितीही तत्पर असली तरी बुडणाऱ्यापाशी चार-सहा मिनिटेच असतात, आणि तेवढ्यात पोचतो तो काठावर उभा असलेलाच. तोच पुष्कळदा दुसरा बळी ठरतो. ‘बुडत्याला काडीचा आधार’ ही म्हण आपण निराशेच्या अर्थाने वापरतो. वस्तुतः तीत सर्वोत्तम सल्ला आहे : हात देऊ नका, काडी द्या, काठी, दोर, सोडलेले पागोटे, साडी, रिकामा डबा, जे मिळेल ते. वर काढलेल्याला कुंभाराच्या चाकावर घालून फिरविण्याची, पोट दाबून पाणी काढण्याची जी जुनी चाल होती तिने अमूल्य क्षण वाया गेले. पीटर साफर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस तोंडाने श्वास देण्याची रीत शास्त्रीय पायावर आणली, तेव्हापासून पहिले काम श्वास देणे हेच होय.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणास स्थलनामांच्या अभ्यासासाठी विषय हवा असेल तर तो येथे आहे. विस्थापित गावांतील वृद्धांच्या तोंडी बुडालेल्या शेतांची, उतारांची व डोहांची नावे अजून सापडतील. जुन्या मोजणीच्या नकाशांशी ती ताडून पाहता येतील, आणि जलाशयाच्या काठावर ती नावे व परसांतील खोली दाखविणारे खांब उभे करता येतील. कामाला मे महिना योग्य. त्या वेळी पाणी तळाला गेलेले असते, जुन्या धरणाचे दगड उघडे पडतात, आणि वर्षातील बहुतेक महिने पाण्याखाली असणारे कांबरेश्वराचे मंदिर बाहेर येते. गावकरी तेथे चिखल तुडवीत दर्शनाला जातात, आणि जाताना पायाखालच्या शेतांची नावे एकमेकांना सांगतात.